माती, अग्नी आणि प्राणिशिल्पे : जपानच्या कुंभारकामाची एक कहाणी

सन १९५१ मध्ये जपानचे सम्राट हिरोहितो शिगा प्रांताच्या दौऱ्यावर असताना शिगाराकी या कुंभारांच्या गावी आले. त्यांच्या स्वागतासाठी रस्त्याच्या कडेला माणसांखेरीज आणखी एक रांग उभी होती. ती होती भाजलेल्या मातीच्या तानुकींची. या मूर्तींच्या हाती लहान लहान राष्ट्रध्वज देण्यात आले होते. सम्राटांना हे स्वागत इतके भावले की त्यांनी त्यावर एक कविता रचली. वृत्तपत्रांतून ही वार्ता देशभर पोहोचली आणि शिगाराकीचा तानुकी घराघरांत माहीत झाला.

तानुकी हा कुत्र्याच्या कुळातील एक रानटी प्राणी. जपानी लोककथांत तो रूपे पालटणारा, माणसांना चकविणारा आणि तरीही निरुपद्रवी असा विनोदी प्राणी म्हणून येतो. आज जपानमधील खानावळींच्या आणि दुकानांच्या दाराशी त्याची मूर्ती उभी असलेली दिसते. तिला केवळ शोभेची वस्तू समजणे मात्र योग्य ठरणार नाही. ज्या गावाचा मुख्य धंदा अवघ्या काही वर्षांत बुडाला, त्या गावाने आपले कसब कसे टिकविले, याची साक्ष ही मूर्ती देते. ग्रामीण हस्तव्यवसायांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती कहाणी समजून घेण्याजोगी आहे.

थडग्यांवरील मातीचे घोडे

मातीचे प्राणी घडविण्याची जपानमधील परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांत तेथील सरदारांच्या व राजांच्या थडग्यांवर मातीचे प्रचंड ढिगारे रचीत आणि त्यांवर ‘हानिवा’ नावाच्या पोकळ मृण्मय वस्तू मांडीत. आरंभी या वस्तू साध्या नळकांड्यांच्या आकाराच्या होत्या. पुढे घरे, ढाली, पक्षी आणि त्यानंतर माणसे, घोडे, कुत्री, हरणे व रानडुकरे अशी आकृतींची विविधता वाढत गेली.

हानिवा घोड्याचे पाय म्हणजे चार सरळ नळ्या असतात. धड पोकळ असून अंगावर जागोजागी भोके ठेवलेली असतात. चेहऱ्यावर फारसे बारकावे नाहीत; परंतु खोगीर, लगाम आणि घुंगरे मात्र काळजीपूर्वक दाखविलेली दिसतात. मातीच्या वळ्या एकावर एक रचून हे काम केले जाई. पुढील दीड हजार वर्षे जपानी कारागिरांनी प्राणिशिल्पासाठी जे मूलतत्त्व पाळले, ते येथेच दिसते. मोठी मूर्ती भरीव नसावी, ती एखाद्या भांड्याप्रमाणे पोकळ असावी, हे ते तत्त्व होय.

सहा प्राचीन केंद्रे

पाचव्या शतकात कोरियातून आलेल्या कारागिरांनी जपानमध्ये कुंभाराचे चाक आणि ‘आनागामा’ म्हणजे बोगद्यासारखी भट्टी आणली. डोंगराच्या उतारावर खोदलेल्या या भट्टीत १,००० अंश सेल्सियसच्या वर उष्णता मिळू लागली. उघड्यावर भाजलेले भांडे पाणी झिरपू देते. या भट्टीतील भांडे दगडासारखे कठीण होऊ लागले.

मध्ययुगापासून आजतागायत अखंड चालत आलेली कुंभारकामाची सहा केंद्रे जपानमध्ये ‘सहा प्राचीन भट्ट्या’ या नावाने ओळखली जातात. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन ही ती केंद्रे होत. सन २०१७ मध्ये जपान शासनाने त्यांना एकत्रितपणे राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान दिले.

यांपैकी बहुतेकांनी आपापले प्राणीही घडविले. सेतो येथे मध्ययुगापासून झिलई दिलेले ‘कोमाइनु’ तयार होत. कोमाइनु म्हणजे देवस्थानाच्या दाराशी जोडीने बसविलेले सिंहसदृश रक्षक. त्यांतील एकाचे तोंड उघडे, तर दुसऱ्याचे मिटलेले असते. या जोडीला ‘आ-उन’ म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या ‘अ’ आणि ‘हूं’ या संस्कृत अक्षरांपासून आलेला आहे. सिंहाची ही कल्पनाही भारतातून चीन व कोरियामार्गे तेथवर पोहोचली. तोकोनामे येथे आधुनिक काळात सांडपाण्याचे मातीचे नळ मोठ्या प्रमाणावर तयार झाले. त्याच गावाने युद्धोत्तर काळात पंजा उंचावून ग्राहकाला बोलावणारी ‘मानेकी-नेको’ ही मांजर लोकप्रिय केली.

बिझेनचा अनुभव विशेष बोलका आहे. सतराव्या शतकात जपानमध्ये पांढऱ्या चिनी मातीची गुळगुळीत भांडी तयार होऊ लागली. बिझेनची तांबूस, बिनझिलईची भांडी त्यांपुढे मागे पडली. तेव्हा तेथील कारागिरांनी आपली बारीक पोताची माती सिंह, पक्षी व देवदेवतांच्या कोरीव मूर्तींकडे वळविली. मागणी बदलली की आकार बदलावा, पण माती व अग्नी यांचे ज्ञान सोडू नये, हा धडा तेथे तीनशे वर्षांपूर्वीच गिरविला गेला होता.

प्राणी कसा घडतो

शिगाराकीची माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाशी साठलेल्या गाळाची आहे. तिच्यात फेल्स्पारचे व गारेचे खडे असतात. ही माती खरखरीत असली, तरी चांगली चिकट आणि बळकट असते. मोठी वस्तू उभारताना ती ढासळत नाही. म्हणूनच पुरुषभर उंचीच्या मूर्तीही येथे घडविता येतात.

पहिले काम माती तिंबण्याचे. कारागीर मातीचा गोळा दाबत व फिरवत जातो, तेव्हा त्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या पडतात. या पद्धतीला जपानी भाषेत शेवंतीचेच नाव आहे. या कृतीने मातीतील हवेचे बुडबुडे निघून जातात आणि ओलावा सर्वत्र सारखा होतो.

त्यानंतर आकार देण्याच्या चार रीती आहेत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भिंत उभारणे ही पहिली. लाटलेल्या मातीचे पत्रे जोडणे ही दुसरी. भरीव गोळ्यातून आकृती कोरून मग ती आतून पोखरणे ही तिसरी. लहान प्राण्यांसाठी ती सोयीची असते. साच्यात माती दाबून दोन अर्धे भाग काढणे आणि ते पातळ मातीने सांधणे ही चौथी. मोठ्या संख्येने लागणारे तानुकी बहुधा साच्यातून निघतात; परंतु कान, टोपी, हातातील सुरई असे भाग वेगळे करून जोडावे लागतात आणि चेहऱ्यावरील अखेरचा हात कारागिराचाच असतो. त्यामुळे एकाच साच्यातील दोन तानुकींची मुद्रा क्वचितच तंतोतंत सारखी असते.

मूर्ती पोकळ का ठेवतात, याचे कारण विज्ञानात आहे. माती वाळताना व भाजताना मिळून साधारणतः १० ते १५ टक्के आकसते. जाड भाग सावकाश, तर पातळ भाग लवकर आकसतो आणि दोहोंच्या सांध्यावर तडा जातो. शिवाय जाड भागाच्या पोटात ओल शिल्लक राहिली, तर १०० अंशांवर तिची वाफ होऊन मूर्ती फुटते. भिंतीची जाडी सारखी ठेवणे, तळाशी किंवा आडबाजूला वाफ जाण्यास छिद्र ठेवणे आणि मोठी मूर्ती कित्येक दिवस सावलीत वाळविणे, हे नियम म्हणून कोणालाच टाळता येत नाहीत.

अग्नीचे काम

भट्टीत उष्णता हळूहळू वाढविली जाते. सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रासायनिक घटनेतील पाणी निघून जाते आणि त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होऊ शकत नाही. ५७३ अंशांवर गारेच्या कणांचे आकारमान एकाएकी बदलते. तेव्हा घाई झाल्यास मूर्ती तडकते. १,२०० अंशांच्या पुढे मातीतील फेल्स्पार वितळून कण एकमेकांस घट्ट जखडले जातात.

लाकडाच्या भट्टीत जळणाची राखही कलाकार बनते. ज्वाळांबरोबर उडालेली राख मूर्तीच्या खांद्यावर बसते, वितळते आणि तिची हिरवट काच होते. ज्वाळा लागलेल्या भागावर तांबूस छटा येते, तर राखेत गाडलेला भाग काळपट होतो. बिझेन येथे तांबड्या पाइनची लाकडे घालून एक ते दोन आठवडे अहोरात्र भट्टी पेटती ठेवतात. सतराव्या शतकापासून उतारावर अनेक कप्प्यांची ‘नोबोरिगामा’ भट्टी प्रचारात आली. तिच्यात खालच्या कप्प्यातील उष्णता वरच्या कप्प्याला मिळत असल्याने जळणाची बचत होते. आज बहुतेक ठिकाणी गॅस व विजेच्या भट्ट्या आहेत. तथापि, राखेची नैसर्गिक झिलई हवी असेल तेव्हा लाकडाचीच भट्टी पेटविली जाते.

शेगडी गेली, कसब राहिले

सम्राट शिगाराकीला आले, तेव्हा या गावाचे मुख्य उत्पादन तानुकी नव्हते. ते होते कोळशाच्या शेगड्यांचे. जपानी घरांत हिवाळ्यात हात शेकण्यासाठी मातीची मोठी शेगडी असे आणि देशातील अशा शेगड्यांचा फार मोठा भाग एकट्या शिगाराकीतून जाई. पुढील १०-१५ वर्षांत रॉकेल, गॅस आणि वीज यांवर चालणारी उपकरणे घरोघरी आली. शेगडीची गरज संपली आणि भट्ट्यांपुढे जीवनमरणाचा प्रश्न उभा राहिला.

गावाने काय केले? मोठ्या शेगडीसाठी लागणारी माती, झिलई आणि भट्टी तीच ठेवून कारागीर रोपांच्या कुंड्या, बागेतील बैठका, इमारतींच्या फरशा आणि तानुकी यांकडे वळले. सन १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ताारो ओकामोतो यांनी उभारलेल्या ‘सूर्यमनोऱ्या’च्या पाठीवरील काळ्या सूर्याच्या फरशा शिगाराकीतच भाजल्या गेल्या.

तानुकीची मूर्ती लोकप्रिय करणारे कारागीर फुजिवारा तेत्सुझो हे १९३० च्या दशकात शिगाराकीत येऊन स्थायिक झाले होते. सम्राटांच्या भेटीनंतर या मूर्तीच्या आठ अवयवांना आठ अर्थ देण्यात आले. टोपी म्हणजे अनपेक्षित संकटापासून रक्षण. मोठे डोळे म्हणजे चौफेर लक्ष. हसरा चेहरा म्हणजे आतिथ्य. सुरई म्हणजे अन्नपाण्याची ददात नसणे. हातातील वही म्हणजे पत. मोठे पोट म्हणजे शांत पण धीट निर्णय. थैली म्हणजे धनयोग आणि जाड शेपटी म्हणजे कामाचा भक्कम शेवट. दुकानदाराला हव्या असलेल्या सर्व गुणांची यादीच या एका मूर्तीत सामावली आहे. तिला मागणी का आली, हे यावरून उमगते.

कायद्याचे साहाय्य

कारागिरांची जिद्द हा या कहाणीचा एक भाग झाला. दुसरा भाग शासनाच्या धोरणाचा आहे. सन १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्याने जपानने वास्तू व वस्तूंबरोबरच कसबालाही राष्ट्रीय संपत्ती मानले. त्यानुसार १९५६ मध्ये बिझेनचे कुंभार कानेशिगे तोयो यांना, सामान्यतः ज्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात, तो मान मिळाला.

सन १९७४ मध्ये पारंपरिक हस्तव्यवसायांच्या उत्तेजनार्थ स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्याच्या अटी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. वस्तू मुख्यतः दैनंदिन जीवनात वापरली जाणारी असावी. तिच्या निर्मितीतील मुख्य कृती हातांनी होणाऱ्या असाव्यात. तंत्र १०० वर्षांहून अधिक काळ चालत आलेले असावे. कच्चा मालही परंपरागत असावा. आणि एका विशिष्ट परिसरात पुरेसे उत्पादक, म्हणजे सर्वसाधारणपणे किमान १० संस्था किंवा ३० माणसे, त्या कामात असावीत. शिगाराकीच्या मृत्पात्रांना १९७५ मध्ये, तर बिझेनच्या मृत्पात्रांना १९८२ मध्ये ही मान्यता मिळाली. किमान १२ वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिराला परीक्षेनंतर पारंपरिक कारागीर म्हणून प्रमाणपत्र मिळते. या कायद्याचा रोख एकट्या कलावंताच्या गौरवावर नाही. माती खणणाऱ्यापासून भट्टी लावणाऱ्यापर्यंत सारा गाव टिकावा, असा त्याचा हेतू आहे. पुढे १९९० मध्ये शिगा प्रांताने शिगाराकी येथे मृत्कलेसाठी मोठे सांस्कृतिक उद्यान उघडले. तेथे देशोदेशींचे कलाकार राहून काम करतात.

सर्वांसाठी माती

याच प्रांतातील आणखी एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, इतोगा काझुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘ओमी गाकुएन’ ही संस्था काढली. शिगाराकीची माती जवळच होती. मुलांच्या हाती ती देण्यात आली. पुढे प्रांतातील अनेक कल्याणसंस्थांत मातीकाम रुजले. याच प्रांतातील, स्वमग्नता असलेले सावादा शिनइची यांनी अंगभर काटे असलेले अद्भुत प्राणी घडविले. ही बिनझिलईची शिल्पे लाकडाच्या भट्टीत भाजली जातात. सन २०१३ मध्ये ती व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मांडण्यात आली. फारसे न बोलणाऱ्या एका माणसाचे मनोगत मातीने जगापुढे ठेवले.

या परंपरेचा धागा भारतापर्यंतही आला आहे. बिझेन येथे यामामोतो तोशू यांच्याकडे शिकलेल्या देबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासह १९७१ मध्ये पुदुच्चेरी येथे ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली आणि तेथून अनेक भारतीय मृत्कलाकार तयार झाले.

शिगाराकीची शेगडी आता परत येणार नाही आणि तेथील कुणी तिची वाटही पाहत नाही. परंतु तिला घडविणारी माती, ती तिंबणारे हात आणि भट्टीचा रंग पाहून उष्णता ओळखणारे डोळे त्या गावाने गमावले नाहीत. वस्तू कालबाह्य होते, म्हणून कसबही कालबाह्य झाले असे समजण्याची घाई करू नये. दाराशी उभा असलेला तो हसरा तानुकी येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत असतो.