कोंबडीच्या मुंडक्यातली लस आणि इतर करामती

रानात साथ आली की धावायचं कुणी? वनखात्यानं, असं आपण चटकन म्हणून मोकळे होतो. पण जगभरातले किस्से वेगळंच सांगतात. रानातल्या जिवांना कधी औषध नियंत्रकानं वाचवलंय, कधी गुरांच्या डॉक्टरनं, तर कधी गावातल्या संडासानं!

मुंडकं खा, लस घ्या
युरोपात रेबीज पसरवण्यात खोकडं आघाडीवर होती. त्यांना पकडून सुई टोचणार कोण? 1978 मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन खोऱ्यात शास्त्रज्ञांनी कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस दडवली आणि मुंडकी रानात टाकली. खोकडांनी मेजवानी झोडली, लसही पोटात गेली. पुढे लसीची खास आमिषं निघाली आणि ती विमानांतून जंगलांवर टाकली जाऊ लागली. 1999 मध्ये स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झालं.

तीन मिलिलिटरचं राजकारण
भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं दीड दशकात 99 टक्क्यांहून जास्त घटली. गुन्हेगार सापडला 2004 मध्ये: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी. 2006 मध्ये सरकारनं गुरांसाठी त्यावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. मग 2015 मध्ये फर्मान निघालं: माणसांचं इंजेक्शनही फक्त 3 मिलिलिटरच्या, एका मात्रेच्या कुपीत. गाईला एवढ्याशानं काय होणार? अशा किती कुप्या फोडत बसायचं! गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मात्र गोठ्यासाठी हाताशी होतंच.

टोचलं गाईला, वाढले विल्डबीस्ट
बुळकांडीनं आफ्रिकेत गाई मारल्या, तसे रानरेडे आणि विल्डबीस्टही मारले. लस दिली ती गाईगुरांना. गोठ्यातला रोग हटला आणि रानातलाही ओसरला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते जेमतेम अडीच लाख. पुढच्या दोन दशकांत ते दहा लाखांपार गेले, त्यांच्यातल्या एकालाही सुई न टोचता! 2011 मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाली. देवीनंतर असं भाग्य लाभलेला हा दुसराच रोग.

इमू ठणठणीत, डॉक्टर कोड्यात
1999 चा उन्हाळा, न्यूयॉर्क. माणसांना मेंदूज्वर झाला, डॉक्टरांनी निदान केलं ‘सेंट लुईस’ नावाच्या मेंदूज्वराचं. त्याच सुमारास शहरातले कावळे पटापट मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगोही. तिथल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना हे निदान पटेना. सेंट लुईसनं पक्षी सहसा मरत नाहीत. घोड्यांना होणारा तिकडचा दुसरा मेंदूज्वर असता, तर इमू आधी गेले असते आणि ते तर मजेत होते! अखेर उत्तर मिळालं: वेस्ट नाईल विषाणू, अमेरिका खंडात पहिल्यांदाच.

गोरिलासाठी गावात संडास
युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात 1996 मध्ये गोरिलांना खरूज झाली. संशयाची सुई वळली शेजारच्या गावांकडे. पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी 2003 मध्ये संस्था काढली आणि कामाला सुरुवात केली ती माणसांपासून: स्वच्छता, संडास, कुटुंबनियोजन, गावोगावी आरोग्यसेवक. माणूस निरोगी, तर गोरिला निरोगी.

माकड पडलं? कळवा!
1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं फणफणली. आधी शंका आली पीतज्वराची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं नवाच विषाणू शोधून काढला, गोचिडीतून पसरणारा. हाच आपला माकडताप. तो आता गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही पोचलाय. इथे पहिली खबर देतं ते मेलेलं माकड आणि बहुतेकदा ते दिसतं काजूच्या बागेत राबणाऱ्याला. त्यानं माकडाला हात न लावता वनरक्षकाला किंवा आरोग्यसेवकाला कळवलं, तर पुढची सगळी खाती हलतात. या साखळीत सगळ्यात आधी लागतो तो फोन करणारा माणूस आणि त्याला कुठलीच पदवी लागत नाही.