यकृत कर्करोगावरील संयुक्त चिकित्सा

यकृत कर्करोगावरील संयुक्त चिकित्सा : यकृत कोशिकांपासून उद्भवलेले कर्क अर्बुद शस्त्रक्रियेने काढणे अशक्य झाले असता भिन्न कार्यपद्धतींची दोन औषधे एकत्र देणे किंवा औषधाला यकृतापुरत्या मर्यादित उपचाराची जोड देणे, यास संयुक्त चिकित्सा म्हणतात. हा कर्करोग बहुधा आधीच विकृत झालेल्या यकृतात होतो. ब व क व्हायरसांमुळे होणारा दीर्घकालिक यकृतशोथ, अतिमद्यपान आणि यकृतातील मेदसंचय यांमुळे यकृत सूत्रण रोग जडतो व त्यातून पुढे अर्बुद निर्माण होते. प्रारंभी लक्षणे जवळजवळ नसतात. निदान होते त्या वेळी अर्बुद पुष्कळदा प्रवेशिका नीलेत शिरलेले किंवा फुप्फुस, अस्थी इ. ठिकाणी पसरलेले असते. म्हणून चिकित्सकास अर्बुद आणि दुर्बल यकृत अशा दोन रोगांचा एकाच वेळी विचार करावा लागतो.

एकौषधी चिकित्सा : अर्बुदातील नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस अडथळा करणारे सोराफेनिब हे या अवस्थेत आयुष्य वाढविणारे पहिले औषध होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या जीवितकालाची मध्यका (निम्मे रुग्ण ज्या कालावधीनंतरही जिवंत राहतात तो कालावधी) या औषधाने ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेली. लाभ मर्यादित असूनही भारतात त्याची किंमत महिन्यास सु. २.८० लाख रुपये होती. मार्च २०१२ मध्ये मुंबई येथील पेटंट कार्यालयाने नॅटको या भारतीय कंपनीस ८,८८० रुपयांत महिन्याचे औषध विकण्याच्या अटीवर सक्तीचा परवाना दिला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिलाच परवाना होता. पेटंटधारक बायर कंपनीने त्याविरुद्ध केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला. २०१८ मध्ये लेनव्हाटिनिब हे औषध सोराफेनिबच्या तोडीचे ठरले.

औषधांची संयुगे : कर्क कोशिका शरीराच्या प्रतिरक्षेस जो लगाम घालतात, तो सैल करणारी प्रतिपिंडे उपलब्ध झाल्यावर संयुक्त चिकित्सेस खरी गती आली. ॲटेझोलिझुमॅब हे असे प्रतिपिंड व रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब यांच्या जोडीची सोराफेनिबशी तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील पाहणीत मध्यका १३.४ महिन्यांऐवजी १९.२ महिने आढळली. ड्युरव्हाल्युमॅब व ट्रेमेलिमुमॅबची एकच मात्रा या जोडीने (२०२२) ती १३.८ वरून १६.४ महिने झाली व तीन वर्षांनंतर २०.२ टक्क्यांऐवजी ३०.७ टक्के रुग्ण जिवंत होते. निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या जोडीची मध्यका २३.७ महिने, तर लेनव्हाटिनिब वा सोराफेनिब घेणाऱ्यांची २०.६ महिने होती. मात्र पहिल्या काही महिन्यांत या जोडीच्या गटात मृत्यू अधिक झाले व लाभ नंतर दिसला.

या चाचण्यांतील आकडे एकमेकांसमोर ठेवून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे योग्य नव्हे. रुग्णांची निवड निरनिराळी होती, उदा., प्रवेशिका नीलेच्या मुख्य खोडात अर्बुद शिरलेले रुग्ण पहिल्या चाचणीत होते, दुसरीतून वगळले होते. तसेच दोन प्रभावी औषधे एकत्र केली म्हणजे परिणाम वाढतोच असे नाही. सोराफेनिबला डॉक्सोरुबिसिनची जोड दिल्याने आयुष्य वाढले नाही, उलट दुष्परिणाम वाढले. लेनव्हाटिनिब व पेम्ब्रोलिझुमॅब यांच्या चाचणीतही अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही.

स्थानिक उपचारांची जोड : अर्बुदास मुख्यतः यकृत रोहिणीतून रक्त मिळते. त्या रोहिणीतून रासायनी औषध सोडून तिची शाखा बंद करण्याच्या उपचाराची लेनव्हाटिनिबला जोड दिली असता चीनमधील चाचणीत (२०२३) मध्यका ११.५ वरून १७.८ महिने झाली. सोराफेनिबबरोबर तीच जोड मात्र निर्णायक ठरली नाही.

निवड : बहुतेक चाचण्यांत यकृताचे कार्य चांगले असलेलेच रुग्ण घेतले होते. हे कार्य रक्तातील बिलिरुबीन व अल्ब्युमीन, रक्तक्लथनाचा काल, जलोदर आणि मानसिक अवस्था यांवरून ठरवितात. जलोदर व कावीळ वाढलेल्या रुग्णास वरील आकडे लागू पडत नाहीत. त्याच्या बाबतीत वेदनाशमन व शुश्रूषा यांनाच प्राधान्य द्यावे लागते. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव संभवतो, म्हणून ग्रसिकेतील फुगलेल्या नीला आधी तपासून त्यांवर उपचार करतात. दोन प्रतिरक्षावर्धक औषधांच्या जोडीत हा धोका कमी असतो, परंतु प्रतिरक्षेचा रोख निरोगी आतडे, त्वचा किंवा यकृत यांवरच वळू शकतो.

अंतर आणि खर्च हेही निवडीचे घटक आहेत. ॲटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब ही औषधे दर तीन आठवड्यांनी नीलेतून द्यावी लागतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यासारख्या गावातील रुग्णास विशेष उपचारांसाठी गोव्यातील बांबोळी किंवा दूरची मुंबई गाठावी लागते. अशा रुग्णास घरी घेता येणाऱ्या गोळ्या कमी प्रभावी असूनही कित्येकदा अधिक सोयीच्या ठरतात.

प्रतिबंध : यांपैकी कोणतीही जोड रोग समूळ बरा करील अशी सर्वसाधारण अपेक्षा धरता येत नाही. ब यकृतशोथावरील लस मात्र रोगाचे एक प्रमुख कारणच दूर करते. भारतात ती २००२-०३ मध्ये निवडक शहरांत व जिल्ह्यांत आणि २०११-१२ मध्ये देशभर बालकांच्या लसीकरणात समाविष्ट झाली. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली मात्रा दिल्यास मातेकडून होणारा संसर्ग बहुतांशी टळतो.