कासवाची पाठ जपा



उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला यारी लावली की गाळाबरोबर कधी कधी कासव वर येतं. हर्सूलच्या तलावाकाठी, ओढ्यात, जुन्या विहिरीत ते आढळतं. टिकाव किंवा टोपल्याचा मार बसून त्याची पाठ फुटते. कुणी हळद भरतो, तर कुणी चिकट द्रव लावून भेग बुजवतो. दोन्ही चूक आहे. का, ते समजून घेऊ या.

कासवाची पाठ म्हणजे निर्जीव ढाल नव्हे. ती जिवंत हाडांची असते. कणा आणि बरगड्या तिच्यातच जुळलेल्या असतात. तिच्यात रक्त फिरतं आणि मार लागला तर दुखतंही. फुप्फुसं पाठीच्या लगेच खाली असतात, म्हणून भेगेतून पाणी किंवा घाण आत गेली की जिवावर बेततं.

फुटलेल्या पाठीला काय करावं?

१. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड सपाट चहाचा चमचा, विरघळवा. कडेकडेनं माती हलके धुवा. भेग खोल असेल तर आत पाणी ओतू नका.
२. स्वच्छ कोरडं कापड सैल गुंडाळा. माशी बसू देऊ नका, अळ्या पडतात.
३. भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा. पाण्यात सोडू नका.
४. भेग बुजवू नका. घाण आत कोंडून पू होतो. तेल, रंग, चुना, राख यांपैकी काहीही लावू नका.
५. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा आणि पशुवैद्यकाला दाखवा.

कुजणं आणि मऊ पडणं

शहरातल्या नातेवाइकांनी पोरांसाठी आणलेलं, कानामागे लाल पट्टा असलेलं परदेशी कासव काही घरांत काचेच्या पेटीत असतं. पाणी बदललं नाही आणि अंग सुकवायला कोरडी जागा नसली तर त्याच्या पाठीवर खड्डे पडतात. तिथे दाबलं तर मऊ लागतं आणि वास येतो. ही कुज आहे. पाणी स्वच्छ ठेवा, बसायला दगड ठेवा. पोटाची बाजू लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पातळ पापुद्रे निघतात ते मात्र बहुधा वाढीचेच असतात. ते ओढू नका.

सबंध पाठ मऊ पडणं हा वेगळा आजार आहे. चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम कमी पडलं आणि ऊन मिळालं नाही की हाड ठिसूळ होतं. नुसता भात-पाव घालून कासव पोसत नाही. काट्यासह बारीक मासे, पाला आणि रोज थोडं कोवळं ऊन हवं. काचेआडचं ऊन कामाचं नाही. पेटीचा निम्मा भाग सावलीत ठेवा, नाहीतर पाणी तापून जनावर मरेल.

आपल्या विहिरीतल्या मऊ पाठीच्या कासवाची कड मुळातच मऊ असते. तिला आजार समजून औषध लावू नका.

कायदा ध्यानात ठेवा

देशी कासव पकडणं, घरात पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. वीस नखांच्या कासवानं पैशाचा पाऊस पडतो म्हणणारे भोंदू तुम्हालाही तुरुंगाच्या वाटेवर नेतील. सापडलेलं जखमी कासव वनविभागाच्याच हवाली करा.

परदेशी कासव नकोसं झालं म्हणून हर्सूल तलावात किंवा विहिरीत सोडू नका. ते देशी कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर हक्क सांगतं.

गाळ काढण्याआधी विहिरीत एकदा डोकावून पाहा. कासव दिसलं तर हात न लावता १९२६ ला कळवा. मेलेलं-कुजकं खाऊन ते पाणी साफ ठेवायला मदतच करतं. विहिरीवर औषधाचे पंप धुऊ नका, म्हणजे कासवही वाचेल आणि तुमचं पाणीही.

हा कागद जपून ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.