परसातील पहिले वर्ष

कुक्कुटपालन आणि भाजीपाल्याची लागवड हे परसातील दोन परस्परपूरक उद्योग आहेत. दिल्ली परिसरात थंडी व उन्हाळा दोन्ही तीव्र असतात. म्हणून नवशिक्याने ऋतुमान पाहूनच आरंभ करावा.

मार्च महिन्यात ‘वनराजा’सारख्या काटक जातीची दहा-बारा पिल्ले आणावीत. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटीने बसली, तर ऊब अपुरी आहे आणि दूर पांगली, तर ती अधिक आहे, असे समजावे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगावर औषध नाही. त्याने सारी पिल्ले दगावू शकतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात लस द्यावी.

मे-जूनमध्ये खुराड्यावर सावली करावी व गार पाणी ठेवावे. पहिले पाच-सहा महिने अंडी मिळत नाहीत, केवळ खर्च होतो. अनेकजण येथेच धीर सोडतात. परंतु या काळात खत साठत असते. कोंबड्यांची ताजी विष्ठा रोपांची मुळे करपवते. ती वाळलेल्या पाल्यात मिसळून तीन-चार महिने कुजवावी.

सप्टेंबरच्या सुमारास अंडी मिळू लागतात आणि खतही तयार होते. ऑक्टोबरमध्ये ते वाफ्यांत मिसळून मेथी, पालक व मुळा पेरावा. कोंबड्या वाफे उकरतात, म्हणून भोवती कुंपण घालावे. भाजी निवडताना उरलेला पाला पुन्हा कोंबड्यांना घालावा. अशा रीतीने एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न ठरते.