नरावांचून घातलेलें अंडें

घरांत हौसेनें बाळगलेल्या पोपटाच्या मादीनें नर जवळ नसतां अंडें घातलें, म्हणजे घरच्या मंडळींस मोठें नवल वाटतें. कोणी त्यास अपशकुन मानितात, तर कोणी पिलूं निघेल या आशेनें तें अंडें कापसांत जपून ठेवितात. दोन्ही समजुती निराधार आहेत. अंडें घालणें ही एक गोष्ट व वीण होणें ही दुसरी. हा भेद ध्यानीं घेतल्यास पिंजऱ्यांतील पक्ष्याचा जीव वांचतो व अंगणांतील कोंबडीचीं अंडींहि वायां जात नाहींत. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

शेतकरी बंधूंस परिचित दाखला गाईचा. गाय गाभण नसली म्हणजे सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते. वळू दाखविला नाहीं म्हणून माज चुकत नाहीं. त्या वेळीं तिच्या अंडाशयांतून सूक्ष्म बीज सुटतें, व संयोग न झाल्यास तें नष्ट होतें. पक्ष्यांतहि हाच नियम आहे. भेद इतकाच कीं, पक्षिणीचें बीज पिवळा बलक घेऊनच सुटतें आणि संयोग होवो वा न होवो, त्यावर पांढरा बलक व कवच चढून तें बाहेर येतें. कोंबडीच्या पोटांत या कामास सुमारें २५ तास लागतात; पैकीं २० तास एकट्या कवचास लागतात.

संयोगाशिवाय घातलेलें अंडें खाण्यास तितकेंच चांगलें. मात्र तें वांझ होय. उलट फळलेल्या अंड्यांतील गर्भ उन्हाळ्याच्या उष्म्यानें कोंबडीखालीं न ठेवितांहि वाढूं लागतो व अंडें लवकर नासतें. म्हणून ज्यांस अंडीं विकावयाचीं आहेत त्यांनीं कोंबडा निराळा ठेवावा. परंतु कोंबड्याचें वीर्य कोंबडीच्या अंडनलिकेंत दोन आठवडे किंवा अधिकहि टिकतें. यास्तव चांगल्या जातीचा नवा कोंबडा आणल्यास जुना काढल्यापासून तीन आठवडे उबवणीचीं अंडीं धरूं नयेत.

आतां पोपटाकडे वळूं. आपल्या रानांतील कंठवाला हिरवा पोपट पकडणें, विकणें अथवा पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. त्याच्या ढोलींतील पिलें कोणीं काढूं नयेत. बाजारांत ‘लव्हबर्ड’ या नांवानें जे लहान रंगीत पक्षी विकतात ते बहुधा ऑस्ट्रेलियांतील बजरीगार होत. जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञानें १८४० सालीं ते इंग्लंडांत जिवंत नेले. मूळ देशीं कोरड्या प्रदेशांत पाऊस पडून गवताचें बीं धरलें कीं ते विणीस लागतात. पिंजऱ्यांत बारमाही धान्य, रात्रीं उशिरापर्यंत दिवा आणि आंत शिरावयास मडकें मिळालें कीं मादीच्या शरीरास तोच सुकाळ भासतो व ती अंडीं घालूं लागते.

खरी जोडी असल्यास मादी दिवसाआड एक याप्रमाणें चार ते सहा अंडीं घालते व एकटीच उबविते. नर तिला भरवितो. सुमारें १८ दिवसांनीं पिलूं निघतें व पांचव्या आठवड्याच्या सुमारास मडक्याबाहेर येतें. कित्येकदां जोडी म्हणून दोन माद्याच गळ्यांत मारल्या जातात. चोंचीवरील नाकपुड्यांचा भाग पुऱ्या वाढीच्या नरास बहुधा निळा व विणीवरील मादीस तपकिरी असतो, तें पाहून घ्यावें.

धोका पुढेंच आहे. कवच मुख्यतः चुन्याचें असतें. खाद्यांत चुना जमा नाहीं व अंड्यांत खर्च मात्र चालू, असें झालें कीं भरपाई मादीच्या हाडांतून होते. अंगांतील त्राण जाऊन अंडें पोटांत अडकतें. अशी मादी पिसें फुलवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसते व कण्हत जोर करिते. तिला तत्काळ ऊब द्यावी व त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें. अंडें दाबून फोडण्याचा प्रयत्न केल्यास ती दगावते. हें टाळण्यास पिंजऱ्यांत समुद्रफेण टांगावें, कोंबड्यांस शिंपल्यांचा चुरा द्यावा. पिलें नको असल्यास मडकें काढावें, सायंकाळीं पिंजरा झांकून अंधार करावा. एकट्या मादीनें घातलेलीं अंडीं मात्र लागलींच उचलूं नयेत. उचलल्यास ती पुन्हां घालूं लागण्याचा संभव असतो. कंटाळून ती उठली म्हणजे काढावीं.

खुडूक कोंबडीखालीं सात दिवसांच्या आंतील ताजीं अंडींच ठेवावीं. सातव्या रात्रीं प्रत्येक अंडें बॅटरीच्या उजेडासमोर धरावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्यास तें फळलेलें. स्वच्छ दिसल्यास वांझ. वांझ अंडें काढून टाकल्यानें उरलेल्यांस ऊब नीट मिळते. कोंबडीचें पिलूं २१ दिवसांनीं, गावठी बदकाचें २८ दिवसांनीं व पारव्याचें सुमारें १८ दिवसांनीं निघतें. तारीख भिंतीवर लिहून ठेवण्याचा प्रघात घरच्या बायकांनीं अवश्य पाडावा, म्हणजे मुदत उलटलेल्या अंड्यांवर कोंबडी उपाशी झिजत बसणार नाहीं.