पेशींची पाचवी

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही आपली पिढीजात समजूत. नरडाणा परिसरात काय किंवा अन्यत्र काय, पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत परिचित आहे. सुशिक्षितांनी सटवाईला निरोप दिला. पण तिच्या जागी ‘ते रक्तातच असावे लागते’ हे वचन बसविले. विद्यार्थ्याचे घराणे पाहून त्याची झेप ठरविणारा शिक्षक याच वचनाचा भक्त होय. जीवशास्त्र मात्र त्याला दुजोरा देत नाही.

सस्तन प्राण्याच्या फलित अंड्याच्या प्रथम दोन, मग चार, मग आठ पेशी होतात. वॉर्सा येथील आंद्रेय तार्कोव्स्की यांनी १९५९ मध्ये उंदराच्या द्विपेशीय गर्भातील एक पेशी नष्ट केली; उरलेल्या एकीतून संपूर्ण उंदीर जन्मला. पुढे १९६७ मध्ये त्यांनी व योआन्ना व्रुब्लेव्स्का यांनी असे मांडले की, पेशीचे भवितव्य तिच्या जागेवर ठरते. बाहेर राहिलेल्या पेशींपासून वार तयार होते, आत सामावलेल्यांतून देह घडतो. जनुके सर्वांजवळ तीच. परंतु चहूबाजूंनी शेजार लाभलेल्या पेशीत जी संदेशसाखळी चालते, ती एक बाजू मोकळी असलेल्या पेशीत मंदावते आणि निराळी जनुके जागी होतात. मानवी गर्भात ही विभागणी साधारणतः पाचव्या दिवशी स्पष्ट दिसते. पाचवी येथेही आहेच!

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जी ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली, तिच्या आयुष्याचा आरंभही काचपात्रातील अशाच पेशीविभाजनाने झाला होता.

पहिल्या दोन पेशींपैकी एकीचा देहातील वाटा अधिक असतो, असे मानवी गर्भांवरील २०२४ च्या संशोधनात आढळले. म्हणजे कल आरंभापासून असू शकतो. पण कल म्हणजे निकाल नव्हे.

समाज म्हणजे गर्भ नव्हे, आणि निसर्गातून नीतीचे धडे काढणे धोक्याचे, हे मान्य. परंतु ‘जन्मच सारे ठरवितो’ असे म्हणणाऱ्याने निदान जीवशास्त्राची साक्ष काढू नये. पेशीलाही जागा आणि शेजार लागतो. आणि जागा एकदा पक्की झाली की परतीची वाट अरुंद होत जाते. म्हणून संधी द्यावयाची ती आरंभीच दिली पाहिजे. दहावीच्या निकालानंतर हळहळण्यापेक्षा पहिलीच्या वर्गाकडे लक्ष देणे समाजाला अधिक किफायतशीर ठरेल.