मतपेटी, ठेकेदार आणि तेंदूचे पान

कायदा विधिमंडळाने करावा, अशी आपली समजूत आहे, आणि आपल्या राज्यघटनेप्रमाणे ती बरोबरच आहे. अमेरिकेतील काही राज्यांत मात्र कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे ठेवता येतो. पुरेशा सह्या गोळा केल्या की उमेदवारांच्या नावांबरोबर तो मसुदाही मतपत्रिकेवर छापला जातो आणि बहुमत मिळाल्यास त्याचा कायदा होतो. कॅलिफोर्नियात ही सोय १९११ साली आली. एका बलाढ्य रेल्वे कंपनीची विधिमंडळावरील पकड सोडवावी, हा तिचा एक हेतू होता.

आता पुढची गंमत पाहा. २०१९ साली तेथील विधिमंडळाने ठरविले की, जो माणूस एखाद्या कंपनीसाठी काम करतो, तो स्वतंत्र धंदेवाईक आहे असे कंपनीने सिद्ध करीपर्यंत त्याला नोकर समजावे. उबर, लिफ्ट, डोअरडॅश या कंपन्यांना हे मानवले नाही. आमचे चालक नोकर नव्हेत, असा स्वतःचा मसुदा त्यांनी मतदारांपुढे आणला, प्रचारावर २० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्चली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ५९ टक्के मतांनी तो मंजूर करून घेतला. किमान कमाईची हमी त्यांनी दिली खरी, परंतु ती गिऱ्हाइकाचे काम हाती असेल तेवढ्याच वेळेची. रस्त्याकडेला वाट पाहण्याचा वेळ हिशेबात धरला नाही. भांडवलवाल्यांना आवरण्यासाठी घडविलेले हत्यार भांडवलवाल्यांनीच उचलले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाशी याचा काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध विडीचा आहे. नोकर कोणाला म्हणावे, हा वाद विडी वळणाराच्या सुपात फार आधीपासून पडलेला आहे, आणि त्या विडीचे पान आपल्या रानातले.

चांदा जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्या प्रांताने १९४८ साली एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून सरकार नेमील त्या गावांत त्या काळापुरते विडी वळण्याचे काम बंद करावे, असा त्याचा आशय. सागर जिल्ह्यातील एक कारखानदार आणि एक कामगार यांनी दाद मागितली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. म्हातारे, अपंग, लहान मुले यांना शेतात राबणे शक्य नाही, त्यांचीही विडी कशासाठी थांबवावी, असा सरळ मुद्दा होता. माझ्या मते निकाल योग्य होता. मालकाचा विरोध म्हणजे अन्यायच, असे समजण्याचे कारण नाही.

पुढे १९६१ साली महाराष्ट्रातीलच एक प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. विडी वळणारा मर्जीप्रमाणे येतो, मर्जीप्रमाणे जातो, नगावर पैसे घेतो, म्हणून तो कारखाने कायद्याखालील कामगार नव्हे, असे बहुमताने ठरले. एका न्यायमूर्तींचे मत निराळे पडले. चालकांविषयी कंपन्यांनी साठ वर्षांनी केलेला युक्तिवाद याहून फारसा निराळा नाही! १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगारांत घेतले. कारखानदार पुन्हा न्यायालयात गेले, परंतु १९७४ साली कायद्याचा मुख्य गाभा टिकला.

हे झाले वळणाऱ्याचे. पान तोडणाऱ्याचे काय? त्याला मत मिळाले, ते ग्रामसभेत. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे पेसाविषयीचे राज्याचे नियम यांमुळे गडचिरोलीतील पुष्कळ ग्रामसभांना तेंदू स्वतः विकता येऊ लागला. शेकडा पुड्यांना मजुरी किती, फळीवर मुन्शी कोण, ठेकेदाराने पैसे केव्हा चुकवायचे, हे गाव बसून ठरवू लागले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे तर हात वर करून मोजणीही होत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालते.

येथे व्यापाऱ्याला प्रचारावर पैसा उधळावा लागत नाही. तो लिलावाला येत नाही, एवढेच. तेंदूचे पान उन्हाळ्यात थोडे आठवडे कोवळे असते. त्या काळात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून वाळवले तर माल. पान जून झाले की त्याची विडी वळत नाही. खरेदीदार थोडे, सगळे एकमेकांना ओळखणारे. गावाने मजुरी वाढवून मागितली आणि त्यांनी आठ दिवस तोंड मिटून घेतले, तर नवव्या दिवशी गावातच दोन तट पडतात. ज्याच्या घरी पेरणीच्या बियाण्याला पैसे नाहीत, तो ठेकेदाराचा भाव घ्या म्हणतो. त्याला दोष कोणी द्यावा? २०१७ च्या हंगामात भाव चांगले चढले, त्याच जुलैपासून पानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि २०१८ ला भाव कोसळले. त्या पडझडीत कर किती, जुना साठा किती आणि संगनमत किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड; ठेकेदाराच्या दृष्टीने सोयीचे ते हेच.

यावर उपाय म्हणून ग्रामसभा एकत्र येऊ लागल्या; कोरची तालुक्यात महाग्रामसभा उभी राहिली, म्हणजे एका गावाला टाळून दुसऱ्याकडे जाण्याची वाट अरुंद झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने निराळाच मार्ग धरला. पानासाठी झाडे छाटतात, रानाला आगी लावतात, आणि टेंभराची फळे माणसाला व पाखरांना मिळत नाहीत, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूची तोड व विक्री हाती घेऊन तिची मजुरी स्वतः ठरवली.